टाइट नाही, फिट

यवतमाळच्या स्टेशनामागच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण टाइट आणि फिट हे दोन शब्द सगळ्यांना येत. दोन्हींचा अर्थ एकच धरला जाई, चांगलं. पोत्याची गाठ पक्की बसली की टाइट. चहा कडक झाला की टाइट. नवा सदरा अंगात बसला की फिट, आणि नाही बसला तरी फिटच, कारण शिंप्याकडे परत कोण जातो. या दोन शब्दांत फरक करणारा माणूस जिनिंगभरात एकच होता. पूनमसिंग मिस्त्री.

मिस्त्री दारव्ह्याकडच्या तांड्यातला. लढाईच्या काळात तो रेल्वेच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली राहिला होता आणि तिथून हे दोन शब्द घेऊन आला होता. नुसते ऐकून आला नव्हता. कोणता कुठे लावायचा, हे शिकून आला होता. एकाच्या जागी दुसरा कोणी लावला तर तो हातातलं काम खाली ठेवून त्या माणसाकडे बघत राही. बोलत नसे. बघणंच पुरेसं होई.

उकंडा तेव्हा त्याच जिनिंगमध्ये हमाल होता. गाडीतून कापूस उतरवायचा, पाठीवर घ्यायचा, ढिगावर नेऊन टाकायचा; सरकीची पोती शिवायची आणि थप्पीला लावायची. तिशीतला गडी. पाठ अजून सरळ होती. पण आजूबाजूच्या म्हाताऱ्या हमालांच्या पाठी तो रोज पाहत होता आणि आपली कधी वाकेल याचा अंदाज त्याला येत चालला होता.

घरी बाप डोमा, बायको सत्यभामा आणि दोन लेकी. डोमाने अर्धी हयात गावकीत काढलेली. गावात कोणाचं ढोर मेलं की याच्या दाराशी निरोप. हातातला घास ठेवून दोर घेऊन निघायचं आणि ढोर ओढत गावाबाहेर न्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. खळ्यावर चार पायल्या जोंधळा मिळे आणि वर्षभर इटाळ मिळे. पुढे तो पोराला घेऊन यवतमाळला आला, तरी तो दोर त्याने बरोबर आणला होता. का आणला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वापरलेली वस्तू माणूस सहसा टाकत नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतले लोक दीक्षेसाठी नागपूरला गेले, त्यांच्यात बापलेकही होते. परत आल्यावर डोमाने पहिलं काम केलं ते खुंटीवरचा दोर काढून चुलीत घातला. दोर ओशट होता, धूर फार झाला. सत्यभामा पोरींना घेऊन बाहेर जाऊन बसली. धूर निवल्यावर डोमा उकंडाला म्हणाला, "आजपासून आपला हात मेल्या ढोराले लागनार नाई. माहा नाई अन् तुहाही नाई."

"नाई लागनार, बा," उकंडा म्हणाला.

नागपूरच्या प्रतिज्ञा हजारो लोकांबरोबर घेतल्या होत्या. ही एकट्या बापाला दिलेली होती. उकंडाला ही जास्त जड वाटायची.

त्याच हंगामात मिस्त्रीच्या हाताखालचा माणूस वणीच्या कोळसा खाणीत निघून गेला. मिस्त्रीने त्याच्या जागी उकंडाला मागितलं. मुकादम होते बबनराव. माणूस वाईट नव्हता, पण जे कधी झालं नाही ते आपल्या वेळेला होऊ नये, असं वाटणारा होता. त्यांच्यातला माणूस रेच्यावर आजवर चढला नाही, बाया कुरकुरतील, असं त्यांनी मिस्त्रीला सांगून पाहिलं. रेचा म्हणजे कापसातून सरकी सोडवणारं यंत्र. एका लांब शेडमध्ये ते ओळीने उभे असत, आणि त्यांवर कापूस घालायला बाया असत. मिस्त्री म्हणाला, बाया कुरकुरल्या तर त्यांना माझ्याकडे पाठवा. एवढ्या हमालांत हाच कशाला, असं बबनरावांनी विचारलं. मिस्त्रीचं उत्तर जिनिंगमध्ये नंतर बरेच दिवस फिरत राहिलं. "बाकीचे पोतं टाकते. हा ठेवते."

शेवटी बबनरावांनी अट घातली. संक्रांतीपर्यंत पाहू. तोवर याच्या हातून एक जरी रोलर जळला, तर परत पोत्यांवर. मिस्त्रीने उकंडाला न विचारताच मंजूर म्हटलं.

त्या संध्याकाळी सत्यभामाने शेजारीपाजारी गूळ वाटला. डोमाने विचारलं, काम काय? उकंडाने सांगितलं, लोखंडाचं. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्याच्यापुढे रोलर ठेवला. माणसाच्या मांडीएवढा जाड, हातभराहून लांब. लोखंडाच्या दांड्यात म्हशीच्या कातड्याच्या चकत्या ओवून, त्या दाबून, वरून घासून गुळगुळीत केलेल्या. हा रोलर फिरतो आणि कापसाचा तंतू चिकटवून ओढून नेतो. त्याला एक पोलादी पातं टेकलेलं असतं, ते सरकीला अडवतं. तंतू पलीकडे, सरकी अलीकडे. सगळा रेचा या एका टेकण्यावर चालतो.

उकंडाला वास आधी आला. तेलाच्या आणि रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, वासाखालून तो दुसरा, ओळखीचा वास. लहानपणी बापाच्या अंगाला यायचा तो. तो दोन पावलं मागे सरकला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याची किनार फाडली, दोन पट्ट्या केल्या आणि दोन्ही हातांना गुंडाळल्या. थंडीचे दिवस होते. मिस्त्रीला वाटलं, गड्याला लोखंड गार लागतं.

उकंडाने खरं कारण सांगितलं नाही. मिस्त्रीला सांगितलं तर काम जाणार, आणि घरी सांगितलं तर बापाचं तोंड कसं होईल ते त्याला दिसत होतं. दोन्हीकडे गप्प राहायचं आणि कातड्याला हात लागू द्यायचा नाही, एवढं त्याने ठरवलं. शपथ पण राहील, काम पण राहील.

शिकवण्याची मिस्त्रीची रीत अशी. पात्याच्या दोन टोकांना दोन नट. ते आवळत जायचं आणि रद्दी कागदाची पट्टी पातं नि रोलर यांच्यामध्ये घालून ओढून पाहायची. पट्टी सहज निघाली तर ढिलं. फाटली तर फार झालं. थोडी कुरकुर करून, पण न फाटता निघाली की बरोबर. मग रेचा थोडा वेळ चालवायचा, थांबवायचा आणि रोलरवरून तळहात फिरवायचा. एका टोकाला जास्त ऊन लागला तर त्या बाजूचं पातं जास्त दाबतंय. कागद अर्धं सांगतो, बाकीचं हात सांगतो. म्हणून मिस्त्रीच्या लेखी कागदापेक्षा हाताची किंमत जास्त.

उकंडाने कागदाचं शिकून घेतलं. हाताचं मात्र फडक्यातून केलं. फडक्यातून ऊब कळत नाही. जे कळत नाही त्याची भरपाई त्याने जोराने केली. पान्याला लोंबकळून नट आवळला. कपाळावर घाम आला. मग उभा राहून म्हणाला, "टाइट केलं, मिस्त्री."

मिस्त्रीने हातातली हातोडी खाली ठेवली आणि बघत राहिला. त्या दिवशी मात्र तो बोलला. जिनिंगमध्ये त्याला एवढं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

त्याने उकंडाला आधी रेच्याच्या पायाशी नेलं. जमिनीत गाडलेले बोल्ट दाखवले. हे टाइट पाहिजेत, म्हणाला. इथे जेवढा जोर असेल तेवढा लाव, कारण यांनी हलायचंच नाही. मग पात्यापाशी आणलं. इथे दोन वस्तू एकमेकींशेजारी दिवसभर राहणार, आणि त्यांतली एक सारखी फिरणार. इथे टाइट म्हणजे मारणं. इथे फिट पाहिजे. टाइटमध्ये एकाच वस्तूचा विचार असतो, फिटमध्ये दोन्हींचा. तेवढ्यात समोरच्या रेच्यावरची मैनाबाई कापसाची ओंजळ घेऊन आली होती. मिस्त्रीने तिचा हात दाखवला. कासाराने हिला बांगड्या भरल्या त्या टाइट भरल्या असत्या तर हात सुजला असता, ढिल्या भरल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कापसात गळाल्या असत्या. कासार फिट भरतो.

मैनाबाई म्हणाली, "माह्या बांगड्याचं तुमाले काय पडलं मिस्त्री? तुमचा रेचा पाहा. सरकी चावून राह्यला."

ती खरं बोलत होती. उकंडाने लावलेल्या रेच्यातून फुटकी सरकी पडत होती. मिस्त्रीने स्वतः नट थोडे मागे घेतले आणि सरकी फुटायची थांबली.

उकंडाला शब्दांतला फरक पटला. इतका पटला की त्याने घरी त्याचा पिच्छा पुरवला. खाटेची सुतळी टाइट झाली, फिट नाही. धाकटीची वेणी टाइट. मडक्यावरचं झाकण फिट. सत्यभामा कंटाळली. शेवटी ती म्हणाली, भाकरीला इंग्रजी काय म्हणतात ते शिकून या, मग बोलू.

पण समजणं वेगळं आणि हाताने होणं वेगळं. पान्याशी आला की त्याचा हात जास्तच आवळे. त्याला कारण होतं. हमालीत त्याने जन्मभर एकच बोल ऐकला होता, ढिला. पोतं घसरलं, ढिले लोक. दोरी सुटली, ढिले लोक. नट मागे फिरवला तर आपल्याच तोंडाने तो बोल कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटे. आणि हात फडक्यात होता. जे हातानेच कळायचं, ते त्याला कळत नव्हतं. तरी महिनाभर निभलं, कारण प्रत्येक रेच्यावरून मिस्त्री पाठीमागून आपला हात फिरवून जाई आणि नट हलकेच मागे घेई. उकंडाला ते दिसे. तो खाली बघे.

संक्रांतीला थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मिस्त्री इंजिनाच्या कामात अडकला होता. मैनाबाईच्या रेच्याचं पातं उकंडाने एकट्याने लावलं आणि रेचा सुरू केला. दुपार कलली. मैनाबाईला आधी वास आला. तिने ओंजळ तशीच धरून नाक पुढे केलं. मग ओंजळीतला कापूस मागे भिरकावला आणि कोणाची वाट न पाहता बाजूची दांडी ओढली. पट्टा मोकळ्या चाकावर सरकला, रेचा थांबला. रोलरच्या डाव्या टोकातून धूर निघत होता. पात्याखाली अडकलेली रुई काळी पडून धुमसत होती.

जिनिंगमध्ये आगीचं भय काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. कापूस भडकत नाही, आग आतल्या आत चालत जाते. बायांनी शेडमधला कापूस मागे ओढला. उकंडाने वाळूच्या बादल्या ओतल्या आणि धुमसती रुई खुरप्याने ओढून बाहेर नेली. मिस्त्री धावत आला तोवर धूर निवला होता. रुई मूठभरच गेली. पण रोलरच्या टोकाचं कातडं करपून टणक झालं होतं. तो रोलर कामातून गेला.

बबनराव आले. त्यांनी रोलर पाहिला, उकंडाकडे पाहिलं, आणि अट आठवायची गरज नाही एवढंच म्हणाले.

मिस्त्रीने त्यांना थांबवलं. शेजारचा रेचा त्याने चालू करून बंद केला आणि उकंडाला सांगितलं, याच्यावर हात ठेव आणि कुठे ऊन लागतं ते सांग. उकंडाने हात पुढे केला. फडक्यासकट.

"फडकं काढ, भिया," मिस्त्री म्हणाला. तांड्यात भावाला भिया म्हणतात.

उकंडा उभाच राहिला. बबनराव हसले. म्हणाले, साहेबाले हात काळे नको व्हाले. बाया ऐकत होत्या. मैनाबाई ओठावर बोट ठेवून बघत होती.

तेव्हा उकंडाने सांगितलं. दोराचं, चुलीचं, बापाचं. फार बोलला नाही. "मेल्या ढोराच्या कातड्याले हात नाई लावनार म्हनलं होतं बाले. म्हून गुंडाळलं."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. बबनरावांनीही तोंड फिरवलं. मिस्त्रीने रोलरच्या करपलेल्या टोकावरून तळहात फिरवला. मग त्याने मुकादमांना सांगितलं की हा रोलर माझ्या डोक्यावर लिहा. इंजिनाच्या नादात मी हात फिरवायला आलो नाही, तर जळण्यात माझाही हात आहे. आणि उकंडाला म्हणाला, "उद्या सकाळी ये. मोकळ्या हातानं आला तं रेच्यापाशी ये. नाई आला तं पोत्यापाशी जाय. शपथ मोड असं मी तुले म्हननार नाई. पन फडक्यानं फिट होत नाई."

घरी जाताना उकंडा रोजच्या वाटेने गेला नाही. लांबून गेला. पोत्यांवर परत जायचं, हे त्याने जवळजवळ ठरवलं होतं. पाठीचं काय, सगळ्यांचीच वाकते. बापाला दिलेला शब्द राहिला म्हणजे झालं. फक्त बापाला हे कसं सांगायचं, एवढंच त्याला सुचत नव्हतं, कारण लोखंडाचं काम आहे असं तो इतके दिवस सांगत आला होता.

डोमा अंगणात बसून खाटेचं सुतळीकाम करत होता. उकंडा समोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. रोलर कशाचा असतो ते, फडक्याचं, धुराचं. डोमाने सुतळी ओढणं थांबवलं नाही. पोरगा बोलून संपला तेव्हा त्याने एकेक प्रश्न विचारला.

"तुले कोनी धाडलं तिथं? ये म्हून हुकूम आला?"

"नाई. मिस्त्रीनं इचारलं."

"नाई म्हनता येत होतं?"

"येत होतं. आताही येते."

"कामाचे पैसे भेटते का जोंधळा?"

"पैसे. हप्त्याच्या हप्त्याले."

डोमाने सुतळीला गाठ मारली. "मंग थे काम अन् हे काम एक कसं? म्या दोर कायले जाळला? चामडं खराब म्हून नाई जाळला. मले कोनी इचारत नव्हतं म्हून जाळला."

डोमाने हात लांब करून उकंडाच्या मनगटावर अजून गुंडाळलेली पट्टी धरली.

"अन् हे काय? लोक आपल्याले पानी वरून वतत, हाताले हात लागू देत नव्हते. तू तेच करून राह्यला त्या रोलरले. इटाळ नागपुरात सोडून आलो आपन. तू थो फडक्यात बांधून घरी आनला."

सत्यभामा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मामाजी, याले शपथ टाइट घेता येते. फिट घेता येत नाई."

डोमा हसला. दोर जाळल्यापासून तो पहिल्यांदा एवढं मोकळं हसला असेल. मग उकंडाही हसला, आणि हसता हसता त्याने तोंड दुपट्ट्यात लपवलं. त्याची किनार फाटलेली होती.

सकाळी तो निघाला तर डोमाही काठी घेऊन बरोबर निघाला. कशाला, असं विचारलं तर म्हणाला, चाल. फाटकावर बबनराव होते. त्यांनी विचारलं, म्हातारा कशाला आणला? डोमानेच उत्तर दिलं, पोराच्या कामाले हात लावाले आलो. बबनरावांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी अडवलं नाही.

मैनाबाईच्या रेच्याला नवा रोलर बसवलेला होता. मिस्त्रीने उकंडाला पान्याकडे बोट दाखवलं. उकंडाचे हात उघडे होते. त्याने दोन्ही नट आवळले, कागदाची पट्टी ओढून पाहिली, पुन्हा आवळले. रेचा चालू केला. मैनाबाईने कापूस घातला, रुई पलीकडे पडू लागली. थोड्या वेळाने मिस्त्रीने दांडी ओढली आणि रेचा थांबला.

डोमा पुढे झाला. त्याने काठी शेडच्या खांबाला टेकवली आणि दोन्ही तळहात रोलरवर ठेवले. ज्या हातांनी त्याने दोर जाळला होता तेच हात. डोळे मिटून तो क्षणभर तसाच उभा राहिला. "म्हशीचं हाय. पाठीचं," तो म्हणाला. मग बाजूला सरला आणि पोराला म्हणाला, "ये."

उकंडाने हात ठेवला. कातडं गुळगुळीत होतं, बारीक रुईने मऊ झालेलं. त्याला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. फक्त ऊब लागली. तळहात उजव्या टोकाकडून डावीकडे नेताना ती वाढत गेली. हे इतकं साधं होतं. महिनाभर तो फडक्यातून अंदाज बांधत होता ती गोष्ट हात ठेवताच समोर आली.

"डावीकडं ऊन हाय, मिस्त्री," तो म्हणाला.

"मंग?"

उकंडाने पाना डाव्या नटाला लावला. आणि आजवर त्याने न केलेली गोष्ट केली. नट मागे फिरवला. त्याला जोर लागला नाही, पण हमालीच्या कुठल्याही पोत्यापेक्षा ते जड गेलं. रेचा पुन्हा चालवला, पुन्हा थांबवला, पुन्हा हात फिरवला. आता ऊब दोन्हीकडे सारखी होती, कोवळ्या उन्हात ठेवलेल्या पितळी तांब्यासारखी. मिस्त्रीने आपला हात फिरवला. बघत राहिला. मग हातोडी उचलून इंजिनाकडे चालू लागला आणि जाता जाता एकच शब्द बोलला.

"फिट."

मैनाबाईने पदर खोचला आणि म्हणाली, झालं असेल तर मले कापूस घालू द्या, का अजून कोनाचा हात राह्यला?

संक्रांतीपर्यंत दुसरा रोलर जळला नाही. संक्रांतीच्या दिवशी बबनरावांनी शेडमध्ये तिळगूळ वाटला. उकंडापाशी आले तेव्हा ते जरा थबकले. मग त्यांनी तिळगूळ त्याच्या तळहातावर ठेवला. वरून टाकला नाही, ठेवला. उकंडा ही गोष्ट पुढे पुष्कळदा सांगे आणि त्यात बबनरावांना कमी लेखत नसे. तो म्हणे, त्यांनाही नट मागे फिरवावा लागला असेल.

त्यानंतर उकंडा रेच्यांवरच राहिला. हंगामामागून हंगाम गेले. विदर्भ महाराष्ट्रात आला, जिनिंगमध्ये इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली, पण पातं आणि रोलर तेच राहिले. पावसाळ्यात जिनिंग बंद असली की तो रोलर काढून घासायचा, खाचा पाडायचा, झिजलेल्या चकत्या बदलायचा. हंगाम सुरू झाला की बाया कोणता रेचा घ्यायचा यावरून भांडत, कारण उकंडाने लावलेल्या रेच्यात सरकी फुटत नसे आणि कापूस ओढायला जोर लागत नसे. मैनाबाई भांडत नसे. ती सरळ जाऊन आपल्या जागी उभी राही. तिने दांडी वेळेवर ओढली नसती तर आपलं काय झालं असतं, हे उकंडा विसरला नाही. तिच्या रेच्याचं पातं तो सगळ्यांत आधी लावी. बाकीच्या बाया त्यावरून तिला चिडवत. ती म्हणे, जळता तर तुम्हीपण दांडी ओढायची होती.

बासष्टच्या उन्हाळ्यात डोमा गेला. झोपेत गेला, कोणाला त्रास न देता. शेवटपर्यंत त्याचा जेवणाआधीचा एक प्रश्न ठरलेला असे, आज किती रेचे फिट झाले.

चौसष्ट साली हंगाम संपला आणि पूनमसिंग मिस्त्रीने काम सोडलं. डोळे गेले होते. कागदाची पट्टी दिसेनाशी झाली होती, नुसत्या हातावर काम चाललं होतं. पान्यांची पेटी त्याने उकंडाला दिली. घरी आल्यावर उकंडाला बसवेना. माणसाला काय द्यायचं? शेवटी त्याने आणि सत्यभामाने मिळून ठरवलं. बाजारातून चांगल्या लांब धाग्याची रुई आणली, कोरं कापड आणलं, आणि सत्यभामाने मिस्त्रीसाठी रजई शिवायला घेतली.

एकदा शिवून झाल्यावर तिने ती पाहिली आणि उसवली. दुसऱ्यांदा भरली आणि पुन्हा उसवली. उकंडाने विचारलं, आता काय राहिलं? ती म्हणाली, त्या माणसाकडे न्यायची आहे, कोणा ऐऱ्यागैऱ्याकडे नाही. तिसऱ्यांदा भरताना तिने रुई हाताने पसरली, दाबली नाही, आणि टाके मोकळे घातले.

दोघं एस.टी.ने दारव्ह्याला उतरले आणि तांड्यापर्यंत चालत गेले. मिस्त्री निंबाखाली खाटेवर बसला होता. आवाजावरून त्याने उकंडाला ओळखलं. सत्यभामाने रजई त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने आधी कापड चाचपलं. मग, जिनिंगमध्ये रोलरवरून फिरवायचा तसाच, तळहात रजईवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू नेला. कुठेही थांबला नाही. उकंडा उभा राहून त्या हाताकडे बघत होता, जसा पहिल्यांदा नट मागे फिरवला त्या सकाळी बघत होता.

"कोनं भरली?" मिस्त्रीने विचारलं.

"सत्यभामानं," उकंडा म्हणाला.

मिस्त्रीने तिच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. तो काय म्हणणार ते तिघांनाही माहीत होतं. म्हणून तो म्हणाला नाही. रजई त्याने उलगडली, भर उन्हाळ्याच्या दुपारी दोन्ही पायांवर पांघरली, आणि सुनेला हाक मारून पाहुण्यांसाठी चहा ठेवायला सांगितला.